तीन जावांचं परस

सहकार हा या मातीचा श्वास आहे, आणि एकमेकांच्या आधाराशिवाय इथं गवताची काडीसुद्धा उभी राहिलेली नाही.

मच्छिंद्र आप्पा हे वाक्य गेली कित्येक वर्षं दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली डोळे मिटून म्हणत आले होते. डोळे मिटलेले असल्यामुळे समोरून कोण कोण उठून गेलं ते त्यांना दिसत नसे. ज्या दूध सोसायटीचे ते चेअरमन होते, ती सोसायटी त्यांच्याच काळात तीन गटांत फुटली. तिन्ही गटांनी आपापली डेअरी काढली, आणि तिन्ही डेअऱ्यांच्या उद्घाटनाचा नारळ आप्पांनीच फोडला. भाषणही तिन्हीकडं हेच केलं.

आप्पांचा स्वभावच तसा होता. त्यांनी आयुष्यात कुणाची बाजू घेतली नव्हती. दोन माणसं भांडत आली की आप्पा दोघांचं पूर्ण ऐकून घेत, दोघांना चहा पाजत आणि "बघू, इचार करू" असं म्हणून दोघांना वाटेला लावत. लोक त्यांना समतोल म्हणत. त्यांची बायको सुलक्षणा दुसरा शब्द वापरायची, पण चारचौघांत नाही.

शिक्रापुरात हायवेच्या आतल्या अंगाला त्यांचं घर होतं. वडील गेल्यावर तिघा भावांत वाटण्या झाल्या. शेत वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, ट्रॅक्टर धाकट्याकडं आणि ट्रॉली मधल्याकडं गेली, त्यामुळं दोन्ही जागच्या जागी उभी राहिली. पुढं रस्त्याकडंच्या जागेत मधला भाऊ विक्रम यानं खोल्या काढून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. घराच्या आत दोन भिंती उठल्या आणि एका चुलीच्या तीन चुली झाल्या. वाटायचं राहिलं होतं ते फक्त मागचं परस.

परस का राहिलं, तर ते कधी कुणी मोजलंच नव्हतं. जमिनीला दोरी लावली की वाटणी झाली, असं त्यांच्याकडं धरतात. वडील असताना कुणी दोरी आणली नाही आणि नंतर कुणाला धीर झाला नाही. तिघंही भाऊ त्या परसात क्रिकेट खेळून मोठे झाले होते. लिंबाच्या पलीकडं चेंडू गेला की सिक्स. तिघांच्याही डोक्यात ते परस अजून तेवढंच ऐसपैस होतं.

आप्पांच्या दृष्टीनं ते परस म्हणजे शेवटचं होतं. ते वाटलं गेलं की आपलं घर म्हणून म्हणायला काही उरणार नव्हतं, आणि गाव म्हणणार होतं की आप्पानं सोसायटी फोडली तसं घरही फोडलं. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागून होती. पण ती कुणाला बोलून दाखवणं म्हणजे बाजू घेणं झालं असतं.

अक्षय्यतृतीयेला आंबरस खाऊन झाल्यावर विक्रमनं विषय काढलाच.

"आप्पा, परसाचं उरकून टाकू. नव्या कंपनीची पोरं यायला लागल्यात. रोज धा जणं इचारत्यात, खोली हाय का, खोली हाय का. माझ्या वाट्याला येईल त्यात मी दोन खोल्या काढतो. तुमच्या वाट्यात तुम्ही काढा. पप्पूच्यात पप्पू."

धाकटा पप्पू रांजणगावला शिफ्टमध्ये होता. तो एक तर कामावर असे, नाहीतर झोपलेला असे. आता तो बसल्या बसल्या झोपलेला होता.

आप्पांनी रुमालानं तोंड पुसलं. काहीतरी वजनदार बोलणं भाग होतं. ते म्हणाले, "रीत ती रीत. उभ्या पिकात दोरी पडत न्हाई. परसात जे काय उभं असंल ते निघाल्याबिगर वाटणी न्हाई. बाबाबी असंच म्हणायचे."

बाबा असं कधी म्हणाले नव्हते, पण पंचक्रोशीत रीत खरोखर तशीच होती. विक्रमनं मागच्या दारातून परसात नजर टाकली. परसात एक लिंब, एक कढीपत्ता आणि पप्पूची बंद पडलेली मोटरसायकल उभी होती. तो हसला.

"मान्य! येका खरिपात काय व्हायचं ते हूं द्या. दसऱ्याला दोरी."

"दसऱ्याला," आप्पा म्हणाले. म्हणजे त्यांनी नेहमीप्रमाणं काहीच ठरवलं नव्हतं. चहा घेऊन आलेली सुलक्षणा उंबऱ्यात क्षणभर थांबली होती, हे फक्त पप्पूला दिसू शकलं असतं, आणि तो झोपला होता.

त्या घरातल्या तीन जावांचं आपसात वाईट नव्हतं, चांगलं आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. चुली वेगळ्या झाल्यापासून त्या भिंतीआडून बोलायच्या. भिंती विटेच्या एकेरी होत्या, त्यामुळं सगळं ऐकू जायचं आणि ऐकू गेलं नाही असंही म्हणता यायचं. थोरली सुलक्षणा वरवंडची, भरल्या शेतकऱ्याच्या घरची. विक्रमची बायको हर्षदा तोंडानं फटकळ. पप्पूची मोनाली बारावीनंतर आणखी दोन वर्षं शिकलेली, वढूची. मोबाईल तिच्या हातातून खाली म्हणून ठेवला जात नसे.

तोच मोबाईल घेऊन ती एका दुपारी परसातल्या धुण्याच्या दगडावर आली.

"ताई, हे बघा. अमेरिकेतले मूळचे लोक मका, घेवडा आन् भोपळा एकाच आळ्यात लावतात. मक्यावर घेवडा चढतो, खाली भोपळा पसरतो. त्यांच्यात या तिघींना बहिणी म्हणतात."

"बहिणी?" सुलक्षणानं साडी पिळता पिळता विचारलं. "बहिणी कशाला येका जागी राहत्यात? लग्न झालं की येक वरवंडला, येक सुप्याला. येका जागी ऱ्हायाचं कपाळात असतं ते जावांच्या."

"मग तीन जावा म्हणू."

"जावा म्हणलं की उगवायचंच न्हाई," हर्षदा म्हणाली.

तिघी हसल्या. भिंतीआडून नाही, समोरासमोर. मग सुलक्षणानं त्या परसाकडं नीट बघितलं आणि साडी दोरीवर टाकता टाकता म्हणाली, "मक्याचं बी मी आणते वरवंडातनं. गावठी. त्याचं ताट मजबूत असतं. ह्ये दुकानातलं चाऱ्याचं न्हाई चालायचं, ते घेवड्याच्या वज्यानं लवंल."

"घेवडा माझा," हर्षदा म्हणाली.

"आन् डांगर माझं," मोनाली म्हणाली. घाटाखाली आणि शहरात ज्याला लाल भोपळा म्हणतात, त्याला त्या भागात डांगर म्हणतात.

आप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी अनुभवी माणसासारखी मान हलवली. तिघांचं एका जागी काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. एक पुढं ताठ उभा राहणार, दुसरा त्याच्या खांद्यावर चढणार आणि तिसरा कुणाच्या लक्षात यायच्या आत खालून सगळी जमीन व्यापणार. असं संचालक मंडळ त्यांनी पाहिलेलं होतं. ते दीड वर्षात बरखास्त झालं होतं.

पण ही माणसं नव्हती, आणि पहिला फरक इथंच दिसला. जून सरता सरता सुलक्षणानं मातीचे बसके उंचवटे केले, दोन उंचवट्यांत माणूस आरामात फिरेल एवढी जागा सोडली आणि प्रत्येकावर मक्याचे थोडेच दाणे टोबले. बाकी काही नाही.

"एवढं विरळ?" आप्पा म्हणाले. त्यांच्याकडं मका म्हणजे गुरांचा. दाट पेरायचा, कणसात दूध भरलं की हिरवा कापायचा, कुट्टी करून मुरघासाच्या खड्ड्यात दाबायचा. मक्याचं म्हातारपण त्या तालुक्यात फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. "आन् घेवडा कवा?"

"मका वीतभर हूं द्या. आत्ताच टाकला तर ह्यो मक्याच्या आधी वर जाईल आन् त्यालाच खाली वढंल."

"आन् डांगर?"

"ते सगळ्यात मागनं. त्याला जागा लागती, घाई लागत न्हाई."

म्हणजे तिघींपैकी प्रत्येकजण आधीचीचा जम बसेपर्यंत थांबणार होती. आप्पांनी आयुष्यात किती निवडणुका पाहिल्या, पण पहिल्याचा जम बसू दे म्हणून दुसरा थांबला, असं एकही उदाहरण त्यांना आठवेना. ते जरा अस्वस्थ झाले.

मग ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन परसात जाऊ लागले. आधी उभ्यानं, मग प्लास्टिकची खुर्ची नेऊन. अडचण एकच होती. धाकट्या भावांच्या बायकांशी सगळ्यात थोरल्या दिरानं थेट बोलायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती, आणि सांगण्यासारखं तर पुष्कळ होतं. आप्पांनी तोड काढली. ते मक्याशी बोलू लागले.

"ज्यानं कुणी डांगर लावलंय," ते मक्याला सांगत, "त्यानं बुडात पाणी जरा कमी सोडावं. बूड कुजतं."

पलीकडून मोनाली मक्याला सांगायची, "पाणी मी सोडत नाही. वरून टाकीचा नळ गळतोय. ज्यांच्या वाट्याला टाकी आलीय त्यांनी वायसर बदलावा."

टाकी आप्पांच्या वाट्याला आली होती. त्यांनी वायसर बदलला.

घेवडा वर चढायला लागला तेव्हा आप्पांचा चहा रोज गार होऊ लागला. प्रत्येक वेल आपापल्या मक्याच्या ताटाला विळखे घालत चालला होता, आणि सगळ्यांचे विळखे एकाच दिशेनं. आप्पांनी एक कोवळा शेंडा हळूच सोडवला आणि मुद्दाम उलट्या अंगानं गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतात तर त्यानं रातोरात स्वतःला सोडवून घेतलं होतं आणि बाकीच्यांच्या दिशेनं पुन्हा एक वेढा मारलेला. आप्पांनी आणखी दोनदा तो प्रयोग केला. शेंडा फुटला नाही, फितला नाही, रागावलासुद्धा नाही.

"काय करताय?" हर्षदानं मक्याला विचारलं.

"काय न्हाई," आप्पांनी मक्याला सांगितलं. "बघत होतो."

श्रावणात ऊन पावसाचा लपंडाव सुरू झाला. शेजारच्या परसातली भेंडी दुपारी माना टाकायची. इथं डांगराची परातीएवढी पानं एकमेकांवर चढून अशी बसली होती, की भर दुपारी पान उचलून खाली बोट लावलं तर माती ओली लागायची. तण नावाला नव्हतं, कारण त्याला उगवायला ऊनच मिळत नव्हतं. पानांना बारीक खरखरीत लव होती, त्यामुळं शेजारची शेळी एकदा आली, एकदा तोंड लावून बघितलं आणि पुन्हा आली नाही. वारा सुटला की मका डोलायचा, पण घेवड्यानं ताटाला ताट जोडल्यासारखी बांधून ठेवली होती. एकट्यानं पडायची सोय कुणालाच राहिली नव्हती.

एकदा घेवड्याचं एक मरगळलेलं झाड सुलक्षणानं उपटलं आणि मुळं आप्पांपुढं धरली. मुळांवर बारीक मण्यांसारख्या गाठी होत्या.

"ह्या गाठी दिसत्यात? ह्यातनं जमिनीला खत भेटतं. वर बघणाऱ्याला वाटतं घेवडा नुसता दुसऱ्याच्या जिवावर चढलाय."

आप्पांनी ती मुळं बराच वेळ हातात धरली. ज्यांच्या मुळावर एकही गाठ नव्हती आणि जे नुसतेच चढले होते, असे बरेच लोक त्यांना आठवले. नावं त्यांनी घेतली नाहीत.

आता परसात माणसं बघायला येऊ लागली. पुढच्या खोल्यांतली बिहारची पोरं तर डांगराची फुलं मागायला यायची, बेसनात तळून खायला. "भाभी, दो फूल," म्हणत दारात उभी राहायची. मोनाली त्यांना फळ न धरणारी नरफुलं वेचून द्यायची आणि मादीफुलांना हात लावू द्यायची नाही. आप्पा आल्यागेल्याला खुर्चीवरून सगळं समजावून सांगायचे. विक्रमसुद्धा एकदा येऊन कणसाचं टोक जरा सोलून बघून गेला. त्याला पीक बघायचं नव्हतं, दिवस मोजायचे होते.

गणपती बसले त्या सुमारास आप्पांच्या मनात एक साधा हिशेब आला.

"दसऱ्याला काय काय निघंल गं?" त्यांनी सुलक्षणाला विचारलं.

"मका निघंल. घरात खायाचा हाय, पुरा वाळवूनच काढायचा."

"आन् घेवडा?"

"त्यो मागनं. बियाला शेंगा धरायच्यात."

"डांगर?"

"दिवाळीच्याबी पुढं. देठ सुकल्याबिगर काढलं तर टिकत न्हाई."

"म्हंजी दिवाळीनंतर परस रिकामं."

"रिकामं कसं? मक्याची ताटं तशीच ठिवायची. त्याच्यावर वाल सोडणार हाय. हर्षदानं बी भिजत घालायला काढलंयबी."

आप्पांनी कप खाली ठेवला. "आन् वाल कवा निघणार?"

"त्यो जवा निघंल तवा मोनालीची काकडी आलेली असंल."

"मग दोरी कवा पडायची?"

सुलक्षणानं त्यांचा कप उचलला आणि आत जाता जाता म्हणाली, "ते मला काय इचारता? रीत तुम्ही सांगितलीय. मी तर नुसती चहा घेऊन आले होते."

आप्पा खुर्चीवर बसून राहिले. त्यांनी कोर्टातून मिळणारे स्टे पाहिले होते, मंत्र्यांकडून आणलेले पाहिले होते. वकील न देता, कुणाशी न भांडता, मातीत बी टोबून आणलेला स्टे ते पहिल्यांदाच बघत होते. आणि तो त्यांच्याच तोंडच्या एका वाक्यावर उभा होता, जे वाक्य ते बोलायचं म्हणून बोलले होते. आपल्या बायकोबद्दल त्यांना एवढा आदर लग्नापासून कधी वाटला नव्हता. त्यांनी तो व्यक्त करायचा विचार केला आणि मग मक्यालाच सांगितला.

पण विक्रमही याच घरातला होता. वालाचं बी भिजत घातलेलं त्याला त्याच्याच मोरीत दिसलं, आणि सगळा डाव त्याच्या ध्यानात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसाच्या मागच्या फाटकाशी एक पिकअप लागली. तीतून गोठेवाला मल्हार उतरला. हा गावभर फिरून लोकांचा उभा मका घ्यायचा आणि आपल्या गायींना मुरघास करायचा. त्याच्या हातात विळा होता. मागोमाग विक्रम आला.

"वहिनी," तो तोंड भरून म्हणाला, "मका बघा कसा दुधावर आलाय. चाऱ्याला ह्योच टाईम. म्हणलं तुम्हाला कुठं तरास, मल्हारला बोलावलं. घटकेत साफ करंल."

"भावजी, मका खायाचा हाय," सुलक्षणा म्हणाली.

"आपल्याकडं मका कोण खातंय वहिनी? आन् मी काय पीक मोडत न्हाई. रीत मला ठावं हाय. मोडणं येगळं, काढणं येगळं. ह्ये काढणं हाय. काय मल्हार?"

"काढणंच की," मल्हार म्हणाला. त्याचा धंदाच तो होता.

आप्पा कप हातात घेऊन मधोमध उभे राहिले. मका गेला की घेवडा भुईवर. घेवडा भुईवर आला की तो तुडवला जाणार, डांगराच्या पानांवरून पिकअपची चाकं जाणार, आणि दसऱ्याला सरळ साफ जागेवर दोरी. कापायला लागणार होता एक विळा आणि अर्धा तास.

"बरं," सुलक्षणा शांतपणे म्हणाली, "मका माझा हाय. मी व्हय म्हणते. न्या कापून. पण त्याच्यावर जो उभा हाय त्याला इचारा."

विक्रमनं बायकोकडं बघितलं. हर्षदा मोरीतल्या वालाच्या पातेल्यासकट बाहेर आली होती.

"माझा घेवडा हाय," ती म्हणाली. "मका न्यायचा तर न्या. पर आधी माझा येल सोडवून द्या. येक शेंग तुटली तर बघा."

"अगं, तू कुणाची बायको हाय?"

"जेवायच्या टायमाला सांगते."

मल्हार पोट धरून हसला. विक्रमनं बाह्या सारल्या. त्याला वाटलं, एवढं काय अवघड. तो पुढं निघाला तेवढ्यात मोनाली म्हणाली, "भाऊजी, जरा सांभाळून. वेलावर पाय नका देऊ. डांगर माझं आहे."

डांगर सगळीकडंच होतं. मक्यापर्यंत जायला पाय ठेवण्याएवढी मोकळी माती कुठंही दिसत नव्हती. विक्रम एका पायावर उभा राहिला, दुसरा पाय अधांतरी घेऊन जागा शोधू लागला. खरखरीत पानं त्याच्या पोटऱ्यांना घासत होती. कसाबसा तो पहिल्या ताटापाशी पोचला आणि घेवड्याचा वेल सोडवायला लागला. खालून सोडवला की वर गुंता, वरून सोडवला की तो शेजारच्या ताटाला गेलेला. एका वेलाचा नाद धरता धरता तो तिसऱ्या ताटापर्यंत गेला आणि तिथं त्याला कळेना की हातात आहे तो वेल पहिलाच की दुसरा. शेवटी तो तसाच दोन्ही हात वर गुंतवून आप्पांकडं वळला.

"आप्पा! तुम्ही थोरले हाय. सांगा काय ते. आज कापायचा का न्हाई?"

सगळे आप्पांकडं बघू लागले. मल्हारनं विळा खाली केला. आप्पांना सवयीचे शब्द ओठापर्यंत आले. बघू. इचार करू. मल्हारला चहा ठेवा. त्यांना हेही कळत होतं की ते शब्द तोंडातून निघाले की मल्हार कापायला लागेल, कारण कुणी नाही म्हणालं नाही म्हणजे हो, हे आजवर त्यांच्या प्रत्येक सभेत झालेलं होतं.

ते घसा खाकरून म्हणाले, "मतदान घेऊ. सभासद हजर हायेत. आज मका कापायला ज्यांचा इरोध हाय त्यांनी हात वर करा."

आणि बघतात तर सगळ्यात आधी वर गेलेला हात त्यांचाच होता. दुसऱ्या हातातला कप हिंदकळून चहा सदऱ्यावर सांडला. पाठोपाठ सुलक्षणाचा हात वर गेला. मोनालीचा गेला. हर्षदानं पातेलं कमरेवर घेतलं आणि ओला हात वर केला.

"अवो, चेअरमननं आधी मत द्यायचं नसतं," विक्रम म्हणाला.

"मी आता चेअरमन न्हाई," आप्पा म्हणाले. मग ते मक्याकडं न बघता सरळ मोनालीकडं बघून म्हणाले, "पप्पूला फोन कर. त्याचं मत घे."

थोरला दीर आपल्याशी थेट बोलला, याचंच मोनालीला इतकं नवल वाटलं की तिनं आधी नंबर चुकीचा लावला. पप्पू कामावर होता. त्याला तिनं मेसेज टाकला. लगेच उत्तरात अंगठा आला. कशाला ते त्यानं विचारलंही नव्हतं.

"ठराव फेटाळला," आप्पा म्हणाले.

"तुमचे हात वर दिसत्यात," मल्हार विक्रमला म्हणाला. "तुमचंबी मत इरोधात धरायचं का?"

विक्रमचे दोन्ही हात अजून घेवड्यात होते. त्याला हसू आवरेना. मग सगळेच हसले. शेवटी हर्षदानंच आत जाऊन, पानं चुकवत, त्याला सोडवला. मल्हारला मोनालीनं एक कोवळं डांगर दिलं, तो ते पुढच्या सीटवर शेजारी ठेवून घेऊन गेला.

दसरा झाला. मका वाळला, कणसं सोलून तिन्ही घरांच्या पुढच्या खुंट्यांना जोड्या करून टांगली गेली. हर्षदाच्या घेवड्याचं बी तिन्ही डब्यांत गेलं. डांगरं तर एवढी मोठी निघाली की एकट्याला उचलायची सोय नव्हती, दोन जावांनी धरून आत न्यायला लागायची. वाळल्या ताटांवर वाल चढला आणि वालाच्या मागं काकडी आली. विक्रमनं मधल्या काळात गच्चीवर एक खोली काढली आणि विषय सोडून दिला. निदान बोलायचं तरी सोडून दिलं. सव्वीस जानेवारीला आप्पांनी झेंड्याखाली सहकारावर भाषण केलं. या वेळी डोळे उघडे ठेवले होते, आणि कुणी उठून गेलं नाही, कारण भाषणात पहिल्यांदाच सांगण्यासारखं काहीतरी होतं.

उन्हाळ्यात काकडी संपली. पुढच्या पेऱ्याआधी परस दोन दिवस मोकळं राहिलं. बरंच मोकळं. लिंबाखाली विक्रमच्या गच्चीवरच्या खोलीत न्यायची एक लोखंडी खाट तेवढी येऊन पडली होती.

सुलक्षणाला या वेळी उंचवटे एका ओळीत हवे होते. तिनं कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि एक टोक, समोर चहा पीत उभ्या असलेल्या विक्रमच्या हातात दिलं.

"भावजी, तिकडं भिंतीला धरा."

आप्पा खुर्चीवरून उठायला लागले. परसात दोरी पडत होती, आजवर पहिल्यांदा. पण सुलक्षणाच्या तोंडावर काही नव्हतं, म्हणून ते पुन्हा बसले. तिनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली.

"आता तीन घड्या घाला. तीन ओळी करायच्यात, सारख्या."

विक्रमनं दोरीच्या तीन सारख्या घड्या घातल्या. मग तो हातातल्या घडीकडं बघत राहिला. खोल्यांतलं त्याला कळत होतं, आयुष्य त्यात गेलं होतं. चहाचा कप लिंबाखाली ठेवून तो खाटेपाशी गेला आणि ती घडी खाटेवरून आडवी धरली. पुन्हा धरली. आप्पाही उठून आले आणि त्यांनी दुसरं टोक धरून बघितलं.

एका वाटणीत खाट बसत होती. खाट ठेवल्यावर खोलीचं दार उघडत नव्हतं.